पाकिटातला सात

कुरुंदवाडच्या गणपतीची रूपाली बुद्धिबळ शिकली ती एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये. गणपती तिथं मेकॅनिक होता. दुपारी डबे खाऊन झाले की चौघे-पाचजण फळीवर पट मांडायचे, आणि शाळा सुटल्यावर थेट डेपोत येणारी त्याची पोर ग्रीसच्या रिकाम्या डब्यावर बसून बघत राहायची. नवव्या वर्षी तिनं हेडमेकॅनिकची चूक दाखवून दिली, दहाव्या वर्षी त्याला हरवलं. त्यानंतर तो तिच्याशी खेळायला बसेना. म्हणायचा, "गणपा, तुझी पोरगी हसत बी न्हाई आणि सोडत बी न्हाई."

ते खरंच होतं. कुणी पेन्सिल घेऊन परत दिली नाही तर ती वर्षभरानं मागायची. मीनाबाई, तिची आई, म्हणायची, ही माझ्या सासूवर गेलीय.

चौऱ्याण्णव साली रूपाली पंधरा वर्षांची होती. सोळा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा निवड स्पर्धा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात भरली होती. पहिली येईल ती राज्य स्पर्धेला जाणार. गणपतीनं तीन दिवसांची रजा टाकली आणि पोरीला घेऊन आला. शेवटच्या फेरीला दोघी सारख्या गुणांवर होत्या, एक रूपाली आणि दुसरी स्नेहल. ही स्नेहल हंबीररावांची मुलगी.

हंबीरराव म्हणजे त्या काळी तिथलं सगळं बुद्धिबळ. शाहूपुरीत त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण ते दुकानात कमी आणि मंडळात जास्त असत. स्पर्धा त्यांचं मंडळ भरवायचं. कार्यालय तेच ठरवायचे, जोड्या तेच लावायचे, तंटा झाला तर निकालही तेच द्यायचे. आपली मुलगी ज्या गटात खेळते त्या गटाचा मुख्य पंच आपणच, हे त्यांना कधी खटकलं नाही. दुसऱ्या कुणाला खटकलं असेल तर ते कुणी बोललं नाही.

डाव रंगला आणि लांबला. संध्याकाळी सहाला कार्यालयात हळदीची माणसं यायला लागली. जागा रिकामी करायची होती, म्हणून डाव तिथंच थांबवून सकाळी पुढं खेळायचं ठरलं. त्या वेळी असं थांबवायची एक रीत होती. ज्याची चाल असेल त्यानं ती पटावर खेळायची नाही. कागदावर लिहायची, कागद पाकिटात घालून चिकटवायचा आणि पाकीट पंचाकडं द्यायचं. सकाळी पंचानं ते सगळ्यांसमोर फोडायचं आणि त्यातली चाल पटावर करायची. लिहिलेली चाल नियमानं होऊच शकत नसेल, तर लिहिणारा तिथंच हरला.

चाल रूपालीची होती. तिचं एक प्यादं वजीर व्हायला दोन घरं उरली होती. कोपऱ्यातला हत्ती तळाच्या ओळीतून सरकवून त्या प्याद्याच्या मागं आणला की डाव हातात होता. तिनं त्या घराचं नाव लिहिलं, हत्ती डी-एक. पाकीट चिकटवलं, हंबीररावांच्या हातात दिलं आणि बापाबरोबर बिंदू चौकाजवळच्या नातेवाइकांकडं मुक्कामाला गेली.

सकाळी नऊला हंबीररावांनी पाकीट फोडलं, कागद उघडला, चष्मा वर केला आणि वाचलं, "हत्ती डी-सात."

"डी-एक," रूपाली म्हणाली.

"हितं सात हाय."

त्यांनी कागद पुढं केला. अक्षर तिचं होतं. इंग्रजी एक ती नुसती उभी रेघ ओढून लिहायची. त्या रेघेच्या डोक्यावर आता एक आडवी रेघ होती. उभी रेघ तिच्या पेनाची, बारीक आणि फिकट. आडवी जाड होती आणि गडद निळी. डी-सातवर तिचा हत्ती एका चालीत पोचूच शकत नव्हता.

"ही वरची रेघ माझी न्हाई," ती म्हणाली.

"मग काय माझी हाय?" हंबीरराव म्हणाले. "न होणारी चाल. डाव स्नेहलचा."

गणपती पुढं आला. त्यानं कागद उजेडात धरून बघायला मागितला. हंबीररावांनी तो घडी घालून खिशात ठेवला. आणि मग, चाळीस मुलं आणि त्यांचे आईबाप ऐकत असताना, ते म्हणाले, "गणपा, पोरीला आधी एक आणि सात लिवायला शिकीव. मग आण पटावर. जिथं तिथं अन्याव शोधायची सवयच लागलीया तुमास्नी."

'तुमास्नी' म्हणजे कुणास्नी, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. गणपतीच्या खिशाला बाबासाहेबांचा लहानसा बिल्ला होता. रूपालीनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली, कारण बापाचं तसं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. समोर स्नेहल बसली होती. ती मान खाली घालून आपल्या फ्रॉकच्या पट्ट्याशी खेळत होती. बक्षीस मिळालेल्या पोरीसारखी ती दिसत नव्हती, पण ते रूपालीला त्या वेळी दिसलं नाही.

गावाकडं जाताना रूपाली रडली नाही. घरी मीनाबाईनं ताट वाढलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जेव आधी. आणि ध्यानात ठेव."

ध्यानात ठेव, हे तिला सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसानंतर रूपाली खेळली नाही. शाळेनं पाठवलं तरी गेली नाही. सगळ्यांना वाटलं पोरीनं हाय खाल्ली. पण तिनं वेगळंच धरलं होतं. ज्या माणसानं नियमाचं नाव घेऊन तिला मारलं, त्याला नियमानंच मारायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पुण्याला जाणाऱ्या एका ड्रायव्हरकरवी नियमांचं इंग्रजी पुस्तक मागवलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून ते कलमागून कलम वाचून काढलं. पुढं इचलकरंजीत डिप्लोमा केला आणि दोन हजार एक साली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली. काम तिच्या स्वभावाचं होतं. ओतलेला जॉब मापाच्या गेजमध्ये बसला तर पुढं, नाही बसला तर नापास म्हणून लाल रंग. सुपरवायझर गयावया करायचे, "मॅडम, केसभर तर फरक हाय." ती ब्रश उचलायची.

रविवारी ती स्पर्धांना सहायक पंच म्हणून जायची. सांगली, सातारा, सोलापूर. परीक्षा दिल्या, राज्याच्या पंचांच्या यादीत आली, मग राष्ट्रीय पंच झाली. मुलं तिला घाबरायची, पण आईबाप खूश असायचे, कारण ती कुणाचीच नव्हती. लग्नाची दोन स्थळं आली तेव्हा मीनाबाईनं विचारलं, "तुझ्या मनात हाय तरी काय?" ती म्हणाली, "एक काम उरलंय."

हंबीरराव इकडं म्हातारे होत होते. स्नेहलनं राज्य स्पर्धा खेळल्यावर पट जो सोडला तो पुन्हा हातात घेतला नाही. शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली. मग हंबीररावांनीच खेळायला सुरुवात केली. साठी उलटल्यावर त्यांना एकच नाद लागला होता, आंतरराष्ट्रीय रेटिंग. जगातल्या खेळाडूंच्या यादीत आपलं नाव आलं पाहिजे. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते रेटिंग म्हणजे काय ते समजावून सांगायचे.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात मंडळानं कोल्हापुरात रेटिंगची स्पर्धा भरवली. पाच दिवस, नऊ फेऱ्या. अशा स्पर्धेला परीक्षा झालेला पंच लागतो आणि मंडळात तसा कुणी नव्हता. राज्य संघटनेनं रूपालीचं नाव पाठवलं. मुख्य पंच म्हणून ती सभागृहात शिरली तेव्हा हंबीरराव दारातच उभे होते. "या मॅडम," म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं नाही. बारा वर्षांत त्यांना ओळखायची गरजच पडली नव्हती.

त्या वेळी नियमात एक नवं कलम आलं होतं. खेळ चालू असताना खेळाडूचा मोबाईल वाजला की तो डाव हरला. ताकीद नाही, दंड नाही, थेट हार. रूपालीनं नोटीस टाइप करून दारावर लावली. शिवाय प्रत्येक फेरीच्या आधी ती माईकवर सांगायची, "सर्वांनी मोबाईल बंद करावेत." ही सूचना देणं नियमात नव्हतं, पण सगळे पंच देत. तिचा आवाज आला की चाळीसेक हात खिशात जायचे. त्यात हंबीररावांचाही असायचा.

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, हंबीरराव फोन आपणहून बंद करत नाहीत, सूचना ऐकल्यावरच करतात. दोन, बरोबर एक वाजता, सकाळची फेरी आटपून ते बाहेर उभे असले की, त्यांचा फोन वाजतो. पुण्याहून स्नेहल जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. "व्हय बाळ, घेतली गोळी. साखरंची पण घेतली." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी रूपाली घड्याळ बघून पायऱ्यांवर उभी राहिली. एकाला एक मिनिट कमी होतं तेव्हा फोन वाजला.

पाचव्या दिवशी शेवटची फेरी. हंबीररावांना रेटिंगसाठी अर्धा गुण हवा होता, बरोबरी झाली तरी पुरे. समोर काळ्या सोंगट्या घेऊन सांगलीचा पृथ्वीराज नावाचा कॉलेजातला मुलगा होता. पाहुणे यायला उशीर झाला म्हणून फेरी नऊऐवजी साडेनऊला सुरू होणार होती. म्हणजे डाव रंगला तर एकच्या पुढं जाणार.

रूपालीनं माईक हातात घेतला. "खेळाडूंनी आपापल्या जागी बसावं," ती म्हणाली. मग थांबली. पहिल्या पटावर हंबीरराव चष्मा पुसत होते. समोर चाळीस पट, घड्याळं, पाण्याच्या बाटल्या. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "घड्याळं सुरू करा."

साडेतीन तास ती सभागृहात फिरत राहिली. कुणाच्या पटाशी रेंगाळली नाही. एका लहान मुलीला पाणी आणून दिलं, दोघांची वेळेची तक्रार मिटवली. मनात धाकधूक नव्हती. कारखान्यात एखादा जॉब बाहेर जाणार नाही हे हाताला आधी कळतं आणि गेज नंतर सांगतो, तसं काहीतरी होतं. बाराला हंबीररावांचा डाव बरोबरीत होता. साडेबाराला त्यांचं एक प्यादं जास्त झालं. पृथ्वीराज डोकं धरून बसला होता. हंबीररावांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता, आणि तो पाहून तिला दया येईल असं तिला क्षणभर वाटलं. आली नाही.

एकाला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

सनईची धून होती. हंबीररावांनी खिशावर हात दाबला, तरी ती वाजतच राहिली. सगळं सभागृह वळून बघत होतं. रूपाली पहिल्या पटापाशी गेली आणि घड्याळ थांबवलं.

"डाव काळ्याचा," ती म्हणाली.

"मॅडम, पोरीचा फोन हाय. गोळीसाठी करती ती."

"बाराव्या कलमाप्रमाणे."

पृथ्वीराज उठून उभा राहिला. "मॅडम, माझी काही हरकत नाही. खेळू दे त्यांना. ते जिंकतच होते."

"हरकत तुमची नाही, नियमाची आहे."

हंबीररावांनी मान वर केली आणि तिच्याकडं नीट बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "तू कुरुंदवाडच्या गणपतीची न्हवं?"

"व्हय," ती म्हणाली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलली. "सही करा हितं."

त्यांनी सही केली. निकालाविरुद्ध अपील करायला अर्धा तास असतो. मंडळाची माणसं त्यांना आग्रह करत होती, पण ते चप्पल घालून निघून गेले. बक्षीस समारंभात त्यांची खुर्ची रिकामी होती.

त्या रविवारी रूपाली घरी गेली. गणपती आता निवृत्त झाला होता. तिनं सांगितलं तसं त्यानं मांडीवर थाप मारली आणि मीनाबाईला हाक मारून सगळं पुन्हा सांगायला लावलं. मीनाबाई ऐकून म्हणाली, "बरं झालं," आणि चुलीकडं वळली. ती गेल्यावर रूपाली म्हणाली, "आबा, रोज मी सांगायची फोन बंद करा म्हणून. त्या दिवशी सांगितलं न्हाई."

गणपतीचा हात मांडीवरच थांबला. "इसरलीस?"

"न्हाई."

तो अंगणाकडं बघायला लागला. "नियमात बसतंय?"

"बसतंय."

"मला सांगायला नको हुतंस," तो म्हणाला.

"तुमास्नी न्हाई तर कुणाला सांगू?"

रात्री जेवताना गणपतीनं आपल्या ताटातला माशाचा तुकडा तिच्या ताटात ठेवला.

डिसेंबरात तिला कारखान्याच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र आलं. हंबीररावांचं, त्यांच्या जाड, गडद अक्षरात, मंडळाच्या नावे लिहिलेलं, पण मंडळाला द्यायचं की नाही ते तिच्यावर सोडलेलं.

"चौऱ्याण्णव सालच्या मुलींच्या निवड स्पर्धेत रूपाली गणपती हिच्या पाकिटातल्या एकाचा सात मी केला. घरी, सकाळी, पाकीट वाफेवर धरून. स्नेहलनं ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं. त्याबद्दल ती मला आजवर काही बोलली नाही. फोनची हकीगत आणि पंचाचं नाव कळल्यावर बोलली. म्हणाली, तुम्ही लिहून द्या, नाहीतर मी देते. तो निकाल रद्द करावा." खाली आणखी दोन ओळी होत्या. "पंचांनी शेवटच्या फेरीला मोबाईलची सूचना दिली नाही, हे माझ्या घरी गेल्यावर ध्यानात आलं. मी तक्रार केली नाही आणि करणार नाही."

रूपालीनं पत्र तीनदा वाचलं. त्या शेवटच्या दोन ओळी पानाच्या अगदी तळाशी होत्या. तिथून कागद दुमडला असता तर कुणाला कळलं नसतं.

फेब्रुवारीत मंडळाची वार्षिक सभा होती. हंबीरराव पहिल्या रांगेत बसले होते, नेहमीच्या जागी. रूपाली परवानगी घेऊन उभी राहिली आणि तिनं पत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'पाकीट वाफेवर धरून' इथं सभा गप्प झाली. जे लोक चौऱ्याण्णव साली तिथं होते, त्यातले काही आता कार्यकारिणीत होते. तिनं त्यांच्याकडं एकेक करून पाहिलं आणि 'एकाचा सात मी केला' ही ओळ पुन्हा एकदा वाचली, सावकाश. हंबीररावांनी मान खाली घातली. बारा वर्षं तिनं हेच बघायची वाट पाहिली होती, आणि ती घाई करणार नव्हती.

मग ती पानाच्या तळाशी आली. क्षणभर थांबली आणि त्या दोन ओळीही वाचल्या.

मागून कुणीतरी विचारलं, "हे खरं हाय का, मॅडम?"

"खरं हाय."

"चुकून राहिलं असंल."

"चुकून न्हाई. मुद्दाम."

सभेत एकच गलका झाला. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. ती पत्र त्यांच्यापुढं ठेवून बाहेर पडली. ती हंबीररावांच्या खुर्चीजवळून जात असताना ते उठल्यासारखे झाले, हातही जोडले असावेत. तिनं बघितलं नाही.

मंडळानं जुना निकाल बदलला आणि हंबीररावांना सगळ्या पदांवरून काढलं. राज्य संघटनेनं रूपालीला दोन वर्षं मुख्य पंचाचं काम दिलं नाही. तिनं त्यावर अर्ज केला नाही. एवढ्या किमतीत काम झालं, हे तिला महाग वाटलं नाही. स्नेहलचा पुण्याहून एकदा फोन आला. ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं. रूपाली म्हणाली, "हवं होतं," आणि फोन ठेवला. हंबीरराव पुढं आजारी पडले, दुकान विकलं, तेही तिला कळलं. ती भेटायला गेली नाही.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात इचलकरंजीत महिलांची खुली स्पर्धा होती. पंच म्हणून बोलावणं नव्हतंच. तिनं खेळाडू म्हणून नाव घातलं. चौदा वर्षांनी ती पटाच्या या बाजूला बसली होती. सुरुवातीच्या चाली तिला आठवत होत्या, पुढं हात अडखळायचा. सात फेऱ्यांत अडीच गुण झाले. शेवटच्या फेरीत जयसिंगपूरच्या सोनम नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं तिला तिसाव्या चालीला मात दिली आणि आईकडं पळायला उठली.

"जरा बस," रूपाली म्हणाली. "मी कुठं चुकले ते दाखीव."

पोरीनं आईकडं पाहिलं, मग खुर्ची पुढं ओढली आणि सोंगट्या परत मांडायला लागली.